पैलवानाचं शवासन

श्रीधर लिमयांना लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची सवय आहे, असं वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत सगळेच म्हणत. हे साफ खोटं. भानगड कोणाची आणि कशासाठी, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसे. ती झाली कशी, एवढंच त्यांना हवं असे. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. पत्रा कुठून आत गेलाय ते बघायचं आणि धडक कुठून बसली ते सांगायचं, हेच काम. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, खाज काही सुटली नाही.

त्यामुळे चौथ्या मजल्यावर नवा आलेला भाडेकरू एका सकाळी डावा डोळा टम्म सुजवून लिफ्टमध्ये शिरला, तेव्हा श्रीधररावांनी नमस्कार-चमत्कार न करता आधी चष्मा नाकावर नीट बसवला.

"समोरून बसलाय. उजव्या हाताने. आणि तुमचा हात त्या वेळी खाली होता."

तो गडी दचकलाच. "काका, तुमीबी फायटर होते काय?"

"छे हो. मी बंपर बघायचो."

तर हा संपत इंगोले. वय एकोणतीस, मूळचा वाशिमकडचा. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्याच्या शेतात कामाला. आठव्या वर्षी गावच्या तालमीत गेला तो तिथलाच झाला. पोलीस भरतीसाठी पुण्यात आला आणि उंचीत अर्ध्या सेंटीमीटरने कमी भरला. दोनदा! अर्धा सेंटीमीटर म्हणजे किती हो? चपलेच्या तळव्याएवढा. मग वाघोलीला एका कॉलेजच्या गेटवर सिक्युरिटीत उभा राहिला. तिथल्याच पोरांनी त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं वेड लावलं. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. आता तो सकाळी एका जिममध्ये शिकवायचा आणि दुपारनंतर बिबवेवाडीला कोचकडे सराव करायचा. पहिल्या पाच लढती त्याने जिंकल्या. पुढच्या दोन ओळीने हरला. आयोजकांनी स्पष्ट सांगितलं होतं, तिसरीही गेली तर पुन्हा बोलावणार नाही. म्हणजे पुन्हा वाघोलीचं गेट.

श्रीधररावांनी त्याच्या सातही लढती मोबाइलवर पाहिल्या. एकदा नव्हे, तीन-तीनदा, वही घेऊन.

"अहो, सकाळच्या चहाबरोबर हे रक्त कशाला?" नीरजाताई म्हणाल्या. "पेपर पुरत नाही का?"

"नीरजा, हे बघ. दोन्ही वेळा हा खाली पडला. पडल्याबरोबर गर्रकन उलटा झाला, पोटावर. मग समोरचा याच्या पाठीवर बसला, मागून हात घातला आणि गळा आवळला. दोन्ही वेळा हेच. अपघात एकाच वळणावर दोनदा झाला तर त्याला अपघात म्हणत नाहीत."

रविवारी त्यांनी संपतला पोह्यांना बोलावलं आणि पहिला घास पोटात जायच्या आत विचारलं, "तुम्ही उलटे का होता?"

संपतने बशी खाली ठेवली. "कोचबी रोज हेच सांगते, काका. खाली पडला तं पाठीवर राय, दोन्ही पाय कामाला लाव. इथं पाठ टेकली म्हून कोनी हरत नाई. सरावात मी रायतोबी. पन खऱ्या लढतीत अंग आपसूक फिरते. मले कळतबी नाई."

"ते दिसलं मला. मी विचारतोय, का?"

हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. उलटा होऊ नकोस म्हणून सगळे ओरडले होते. का होतोस, ते विचारायला लिमयेच हवेत! संपत वस्तादांबद्दल बोलायला लागला.

वस्ताद सीताराम. त्यांच्या तालमीत एकच कायदा, पाठ मातीला लागता कामा नये. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. वस्ताद तर त्याही पुढचे. पोरांनी झोपायचंसुद्धा पोटावर किंवा कुशीवर. पाठीवर झोपलेला सापडला की अंगावर तांब्याभर गार पाणी पडलंच. संपतला त्यांनी स्वतःच्या घरी जेवू घातलं, स्वतःच्या म्हशीचं दूध पाजलं, तापात उशाशी बसून राहिले. आणि एवढं सगळं करून मागितलं काय, तर एवढंच.

"एकवीस वर्सं झाले काका. मी आजबी पाठीवर झोपत नाई. हरलो तं हरलो, वाघोलीले जाईन. पन वस्ताद गावात मोबाइलवर माही लढत पायतात. त्यायनं माही पाठ टेकलेली पायली, तं मी गावात कोनत्या तोंडानं जाऊ?"

श्रीधररावांनी ते वहीत लिहून घेतलं. कारण सापडलं की त्यांचा अहवाल पुरा होई. दुरुस्ती हे त्यांचं खातं कधीच नव्हतं.

दुरुस्ती स्वयंपाकघरातून आली. नीरजाताई सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचा योगवर्ग घेत. त्या हात पुसत बाहेर आल्या. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना? मग जरा मरूनच बघू. उद्या साडेसहाला खाली ये. शवासन."

दुसऱ्या दिवशी चौदा निवृत्त माणसं सतरंज्यांवर उताणी पसरली होती आणि त्यांच्यामध्ये हा सत्तर किलोचा गडी. नीरजाताई म्हणाल्या, "अंग सैल सोडा." संपतचा खांदा थरथरला, मान ताठ झाली, आणि श्रीधररावांच्या घड्याळात अकरा सेकंद होताहेत तोच तो कुशीवर वळून उठून बसला. घामाने निथळत होता बिचारा.

"कमाल आहे," नीरजाताई म्हणाल्या. "माझ्या वर्गात शवासन न जमणारा हा पहिलाच. बाकीच्यांना तेवढंच जमतं."

पण बाई चिवट. पोरगंही चिवट. पहिल्या आठवड्यात तो मिनिटभर टिकला. डोळे मिटले की पाणी पडेल असं वाटतं, म्हणाला. नीरजाताई त्याच्या डोक्याशी बसून राहायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या, "मी आहे इथे. कोणी पाणी टाकत नाही." तिसऱ्या आठवड्यात तो दहा मिनिटं पडून राहिला. तेव्हा श्रीधररावांनी नवीनच खुसपट काढलं. उभ्या गाडीचे ब्रेक तपासून काय उपयोग? त्यांनी घरातली गव्हाची तीस किलोची गोणी संपतकडूनच खाली आणवली आणि त्याच्याच छातीवर ठेववली. चौदा ज्येष्ठांनी शवासन सोडून माना वर केल्या. संपत मात्र गोणीखाली शांत पडून होता. सहाव्या आठवड्यात तो तसाच, उताणा, चक्क घोरला. श्रीधररावांना इतका आनंद झाला की ते घड्याळ बंद करायलाही विसरले.

लढत शनिवारी संध्याकाळी होती. लिमये पतिपत्नी तिसऱ्या रांगेत बसले. आजूबाजूला कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती आणि नीरजाताई पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. पहिल्या फेरीत संपतने मार खाल्ला. दुसरी फेरी सुरू झाली आणि समोरच्याने कमरेला मिठी घालून त्याला धाडकन खाली आपटलं.

श्रीधरराव उभेच राहिले. संपतचा खांदा उचलला गेला. हाच तो खांदा. वहीत दोन्ही हरलेल्या लढतींपुढे लिहिलेला.

"अरे, सैल सोड!" नीरजाताई किंचाळल्या.

"त्याला ऐकू येत नाही गं."

ऐकू आलं की नाही, देव जाणे. पण खांदा खाली आला. सगळी पाठ टेकली, मानेपासून कमरेपर्यंत. समोरचा वरून ठोसे घालत होता आणि संपत गोणीखाली पडावा तसा पडून होता, फक्त त्याचे पाय कामाला लागले होते. एक पाय मानेवरून गेला, दुसरा त्यावर अडकला. समोरच्याची मान आणि एक हात त्याच्या मांड्यांत सापडला, गळा आवळला गेला. समोरच्याने धडपड केली, उचलून बघितलं, आणि मग मोकळ्या हाताने संपतच्या मांडीवर थापा मारल्या. म्हणजे सोड बाबा, हरलो. पंच मध्ये पडले. नीरजाताई रडत होत्या आणि शेजारच्या अनोळखी पोराला पेढा भरवत होत्या. पर्समध्ये पेढे होते तर!

आत, कपडे बदलायच्या खोलीत, संपतचा फोन वाजला तेव्हा तो श्रीधररावांच्याच हातात होता. पडद्यावर नाव होतं, वस्ताद. संपतचा चेहरा उतरला. बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून त्याने मानेनेच स्पीकर लावायला सांगितलं.

"टेकली ना रे पाठ," पलीकडून आवाज आला, खरखरीत, थकलेला. "म्या मोबाइल तवाच उलटा करून ठेवला. नाई पाह्यलं पुढचं."

श्रीधररावांच्या जिभेवर सगळं आलं होतं. अहो तो जिंकला, अहो इथले नियम वेगळे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड मिटून घेतलं, आणि ते फार जड गेलं त्यांना. कारण संपत मान खाली घालून उभा होता आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी हलत होती.

"हाव वस्ताद," तो म्हणाला. "टेकली. कोनं पाडली नाई. म्याच टेकवली."

म्हातारा फोन ठेवणार, असं श्रीधररावांना वाटलं. पलीकडे दूर कुठेतरी म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"मंग?" वस्ताद म्हणाले. "मंग काय झालं?"

संपतने श्रीधररावांकडे पाहिलं. श्रीधररावांनी फोन त्याच्या हातात दिला. तो तिथेच फरशीवर आडवा झाला, चांगला पाठीवर, आणि फोन छातीवर ठेवून पहिल्यापासून सांगायला लागला.