पाठ केलेलं एकच भाषण

घरमालकीण माझ्यावर संशय घेतात, हे नीउ-व्हेनेप ह्या डच गावातल्या त्या घरात राहायला गेल्यावर लगेच कळलं. कशाचा संशय, ते मात्र कळत नव्हतं आणि त्याचाच जास्त त्रास होता. चोरीचा असता तर खिसे उलटे करून दाखवले असते.

बाई नव्वदीच्या. इथे मान देऊन बोलायचं तर 'मेव्हराउ' म्हणतात, मीही तेच म्हणायचो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. वरची एक खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी जवळच्याच एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूर सांभाळतो. शाळा आठवीत सुटली, तेव्हापासून भट्टीपुढेच उभा आहे. आधी कराडजवळ हायवेच्या धाब्यावर, मग पुण्यात, आता इथे.

ह्या देशात नुसती खोली मिळून भागत नाही. त्या पत्त्यावर खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, आपलं नाव लागावं लागतं. नाव नाही तर पुढचं सगळंच अडतं, आणि बरेच मालक नाव लावू देत नाहीत. मेव्हराउ माझ्यासाठी काठी टेकत खेमेंटेच्या खिडकीशी आल्या होत्या. सख्ख्या काकाने माझ्यासाठी एवढं केलेलं नाही.

म्हणून मी रोज सकाळी त्यांना नमस्कार करायचो. जिना उतरलो की स्वयंपाकघराच्या दारात थांबायचं, हात जोडायचे, कमरेत वाकायचं, नजर खाली. वडीलधाऱ्यांसमोर वर तोंड करून उभं राहायचं नाही, हे आईने थोबाडीत देऊन शिकवलेलं. पण मी वाकलो की कॉफीत फिरणारा मेव्हराउंचा चमचा थांबायचा. मी सरळ होईपर्यंत त्या माझ्याकडे टक लावून बघत बसायच्या. मला वाटलं, आपण कमी वाकतोय. म्हणून दुसऱ्या दिवसापासून आणखी खाली वाकू लागलो.

एकदा त्यांनी विचारलंच, "हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला लागतं, मेव्हराउ? आमच्याकडे सगळेच करतात."

"सगळे?"

"सगळे."

त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या ओठांवरून दिसलं. तेव्हापासून मी कामाला निघालो की खिडकीचा पडदा हलायचा. त्या मुलाशी फोनवर बोलत असताना मी आत आलो तर त्यांचा आवाज खाली जायचा. मग मीही कान टवकारायला लागलो. ह्यांना दुसरा भाडेकरू मिळालाय का? मेथीच्या वासाचा त्रास होतोय का? का नाव लावून दिल्याचा पस्तावा होतोय? आमचं बोलणं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि त्यांच्या अडखळत्या इंग्रजीत चालायचं. त्यामुळे अर्धं कळायचं आणि उरलेल्या अर्ध्यात संशय भरायला भरपूर जागा होती.

मग पंधरा ऑगस्ट आला.

सकाळी मराठी मंडळाचं झेंडावंदन होतं. मी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, खिशावर कागदी तिरंगा लावला आणि खाली आलो. बघतो तर मेव्हराउसुद्धा तयार होऊन बसलेल्या. निळा झगा, छातीवर पांढऱ्या मोगऱ्याच्या फुलाचं पदक. टीव्हीवर हेगमधला कसलासा सोहळा चाललेला, लोक ओळीने पुष्पचक्रं ठेवत होते. बाहेर त्यांनी डच झेंडाही लावलेला. मला भरूनच आलं. म्हटलं, बघा, आपल्या स्वातंत्र्यदिनाचा ह्या बाईंनी केवढा मान राखला!

"मेव्हराउ, तुम्हालाही माहीत आहे आजचा दिवस?"

"मला माहीत नसेल तर कुणाला?" त्या म्हणाल्या. "आज जपानी शरण आले. आज आमचं युद्ध संपलं."

जपान! आता इतिहासात मला काडीचं कळत नाही. पण सातवीत पंधरा ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी गुरुजींनी एक भाषण लिहून दिलं होतं. ते मी असं घोकलं होतं की आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आपली फौज पूर्वेकडे कशी उभी राहिली, जपानने तिला कशी साथ दिली, इंग्रजांना कसं हादरवलं, सगळं त्यात होतं. पहिला नंबर आला होता. शाळेतून घेऊन आलो असं एवढंच काय ते.

मी ते म्हणायला लागलो. इंग्रजी जमेल तसं, पण हातवारे गुरुजींनी शिकवले होते तसेच. जपान आमचा मित्र. गोऱ्यांचं राज्य उलथवायला तो आमच्या मदतीला आला. आणि शेवटी मूठ वर करून, "आशिया आशियातल्या लोकांचा!"

मेव्हराउंनी टीव्ही बंद केला. काठी न घेता उठल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"महिनाअखेर दुसरी खोली बघ," एवढंच म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

झेंडावंदनाला गेलोच नाही. फिट्स काढली आणि कालव्याच्या कडेने उगाचच दामटत राहिलो. फिट्स म्हणजे सायकल, इथे माणसाचा तिसरा पाय. मग एका पुलावर थांबून युट्रेख्टच्या दादाला फोन केला. दादा आमच्याच तालुक्यातला, तिथल्या विद्यापीठात पीएचडी करतो. अडीअडचणीला मी त्यालाच धरतो. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग एकदम ओरडला.

"अरे शहाण्या, कुणापुढे काय बोललास! बाईंचा जन्म कुठला?"

"इंडोनेशिया, असं म्हणाल्या होत्या."

"आणि तो तेव्हा कुणाच्या ताब्यात होता? डचांच्या. जपानने आधी चीन गिळायला घेतला, मग मलाया, सिंगापूर, आणि मग ही बेटं घेतली. तेलासाठी. आणि तिथल्या डच बायका-पोरांना तारांच्या छावण्यांत कोंबलं. माणसं उपाशी मेली. त्या बाईंपुढे तू जपानचा जयजयकार केलास, तोही मूठ वर करून. वा रे पहिला नंबर!"

"पण दादा, गुरुजींनी लिहून दिलं ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. एवढंसंच होतं." दादाने उसासा टाकला. "जा, माफी माग. आणि जास्त तोंड चालवू नकोस. इकडे माझ्या ओळखीत एक खोली रिकामी होतीय, उद्या बघून जा. पण नाव लागणार नाही तिथे, आधीच सांगतो."

नाव लागणार नाही. फोन खिशात टाकला आणि फिट्स घराकडे वळवली.

परत आलो तेव्हा मेव्हराउ मागच्या अंगणात बसल्या होत्या. मी वाकणार तोच त्यांनी हात वर केला. "नको! उभा राहा. नीट, माझ्याकडे बघून."

बघितलं. वयस्क बाईच्या डोळ्यांत असं थेट बघायचं म्हणजे मला घामच फुटला.

"मला माफ करा, मेव्हराउ."

"कशाबद्दल?"

मी खिशावरचा कागदी तिरंगा चाचपला.

"कुणीतरी सांगितलं असेल, माफी माग म्हणून."

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला वाव नव्हता. "मला इतिहास येत नाही. शाळा लवकर सुटली. तेवढं एक भाषण पाठ आहे."

त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला. मग समोरची खुर्ची काठीने पुढे ढकलली. "बस. आता दुसरं ऐक."

त्यांचे वडील आरमारात, बोटीच्या इंजिनवर. सगळे सुराबायाला राहायचे, तिथे मोठं बंदर होतं. एका सकाळी आकाशात चंदेरी विमानं आली, ओळीत, पतंगांसारखी छान. आपलीच समजून मेव्हराउंनी अंगणातून हात हलवला. मग बंदराकडून धूर आला. वडिलांची बोट जावाच्या समुद्रात जपानी आरमाराला अडवायला गेली, ती परत आलीच नाही. मग छावणी. रोज हजेरीला ओळीत उभं राहून जपानच्या बादशहाच्या दिशेने वाकायचं. हात कुठे, पाठ किती खाली, ते ठरलेलं. एकदा आई नीट वाकली नाही म्हणून शिपायाने सगळ्यांदेखत तिला खाली पाडलं.

"आणि तू रोज माझ्या दारात वाकायचास," त्या म्हणाल्या. "रोज कालच्यापेक्षा जास्त! मला वाटलं, तुला कुणी सांगितलंय आणि तू माझी थट्टा करतोयस. आणि आज ते वाक्य. आशिया आशियातल्या लोकांचा. ते छावणीत जपान्यांच्या भोंग्यावरून रोज ऐकू यायचं."

दादाने बजावलं होतं, तोंड चालवू नकोस. खोली, नाव, सगळं त्यांच्या एका शब्दावर टांगलेलं. तरीसुद्धा एक प्रश्न मनातून जात नव्हता. माझं भाषण एवढंसंच होतं म्हणून त्यांना खुपलं ते बरोबरच, पण त्यांच्या गोष्टीतही मला काहीतरी कमी दिसत होतं.

"मेव्हराउ, रागावू नका. पण तो देश कुणाचा होता?"

"मी लहान होते."

"ते खरंच. पण कुणाचा?"

आता संपलं, असं वाटलं. त्यांचा चेहरा सकाळसारखा झाला. त्यांनी काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली.

"आमच्याकडे एक बाई कामाला होती," त्या म्हणाल्या. "मला तिनेच वाढवलं. तिला आम्ही नावाने हाक मारतच नव्हतो. जपानी आम्हाला न्यायला आले तेव्हा ती फाटकाशी उभी होती. ती रडत होती की हसत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही." मग हळूच, "तो देश तिचा होता. तिचा असणार."

मी मान हलवली. पुढे विचारायची हिंमत नव्हती, पण विचारल्याशिवाय त्या दिवशी मला भाकर गोड लागली नसती.

"मग खोलीचं काय, मेव्हराउ?"

"बघू."

"आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'."

त्या पहिल्यांदाच हसल्या, तेही अर्धवट. "आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'बघू'. खेमेंटेतून तुझं नाव मी काढत नाही. पण तुझ्यावर माझा विश्वास बसलाय असं समजू नकोस."

"नाही समजत," मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो, कारण माझा तरी त्यांच्यावर कुठे पूर्ण बसला होता?

वर जाऊन दादाला लिहिलं : खोली बघायला येत नाही. ते पुसलं. परत लिहिलं : सध्या येत नाही, पण तुझ्या ध्यानात असू दे.