अष्टमांश टक्का गुलाबी

माझी मावशी सूत रंगवायच्या कारखान्यात रंगाची पूड तोलते. सगळे तिला पाऊणमावशी म्हणतात, कारण कोणी 'शून्य पूर्णांक पंच्याहत्तर' म्हटलं की ती खेकसते, "पाऊण म्हण की! जीभ झिजते का?" शिक्षण सातवीपर्यंत, पण अपूर्णांक कुठल्याही वेषात आला तरी ती त्याला ओळखते. पाच टक्के म्हणा, ती विसावा भाग काढून मोकळी.

त्याच कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसते. नोकरी तिनेच लावून दिली. नव्या साहेबांनी तिची रंगांची वही माझ्याकडे सोपवली आणि सगळे अपूर्णांक दशांशात घालायला सांगितले. दशांश चिन्हापुढे एकच आकडा, म्हणजे यादी सुटसुटीत दिसते म्हणे. फिक्या गुलाबीसाठी पूड सुताच्या वजनाच्या एक अष्टमांश टक्का, म्हणजे ०.१२५ टक्के. कॉम्प्युटरने त्याचं ०.१ केलं. मी ते पाहिलं आणि पुढच्या रंगाकडे वळले. घाई होती, असं मी स्वतःला सांगते. खरं तर आळस होता.

वही साहेबांच्या कपाटात गेली. तोलायच्या काट्यापाशी येणाऱ्या चिठ्ठीवर फक्त रंगाचा क्रमांक आणि ग्रॅम छापून यायचे, मावशी तेवढे तोलायची. पंधरा दिवसांत दोनशे किलो गुलाबी सूत नमुन्यापेक्षा फिकं निघालं आणि गिऱ्हाइकाने परत पाठवलं.

साहेब म्हणाले, "मावशी, तुमची नजर आता साथ देत नाही. सोमवारपासून पॅकिंगला जा."

बावीस वर्षं काट्यापाशी उभी असलेली बाई! मला इतका राग आला की तो आकडा आठवलाच नाही.

मावशी जागची हलली नाही. "आधी माझी वही काढा." मग पानावर बोट ठेवून ती मोठ्याने म्हणू लागली, "दोनशे किलोचा एक टक्का, दोन किलो. त्याचं निम्मं एक. त्याचं निम्मं अर्धा. त्याचं निम्मं पाव किलो. अडीचशे ग्रॅम हवेत. चिठ्ठी काय म्हणते?"

चिठ्ठीवर दोनशे होते.

"पन्नास ग्रॅम कमी. पाचवा भाग, साहेब! वीस टक्के रंग काय वाऱ्याने उडाला?"

नोकरी जाणार, हे दिसत होतं. तरी मी म्हणाले, "०.१ झालेलं मी पाहिलं होतं. तसंच सोडलं. चूक शंभर टक्के माझी."

साहेब माझ्याकडे वळले, तोच मावशी मध्ये आली. "शंभर कशी? एकच आकडा ठेवा म्हणणारे तुम्ही. निम्मी तिची, निम्मी तुमची. पॅकिंगला दोघं अर्धा-अर्धा दिवस जा."

साहेबांचे कान लाल झाले. मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी वही तिच्या हातात दिली आणि ती काट्याकडे निघून गेली.