सांगून लावलेली हळद

रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा मला आवडला होता आणि होकार मीच दिला होता. त्या आनंदात ऑफिसात मी एकाच आदेशावर दोनदा तारीख टाइप केली. मी नव्या सरकारच्या एका खात्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरायचं आणि जिथे खाटा होत्या तिथे आमची टेबलं होती. रोज एखादी नवी पाटी लागायची, नवे शिक्के यायचे. सगळं शहरच लग्नघरासारखं झालं होतं.

काळजी फक्त हळदीची होती.

लहानपणापासून मला हलका हात सहन होत नाही. कोणी गालावरून बोटं फिरवली की तेवढी रेघ तासभर चरचरायची आणि मी ओढणीने ती पुसत बसायचे. मागून कोणी खांद्याला हात लावला तर माझ्या हातातलं भांडं पडायचं. उलट दळणाचा जड डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसायला मला फार आवडायचं. एप्रिलमध्येही मी दोन गोधड्या घेऊन झोपायचे. याला ऑटिझम म्हणतात, हे डॉक्टरकडून कळायला अजून पंधरा वर्षं होती. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला पटलेला नाही. स्वतःत मग्न व्हायला मला फुरसत कुठे होती? घरात शिरलेल्या प्रत्येक माणसाचे हात कुठे आहेत, तिकडेच माझं लक्ष असायचं.

रायपूर स्टेशनमागच्या गुढियारीतल्या आमच्या घरी, बाबा रेल्वेत असल्यामुळे, वर्ध्या-यवतमाळचे पाहुणे सतत उतरायचे. पाहुणे म्हणजे मिठ्या. मी अंग चोरलं की मोठी मावशी म्हणायची, पोट्टीले लय नखरे आहेत. आई गप्प बसायची. मलाही वाटायचं, नखरेच असतील.

साखरपुड्यानंतर एका संध्याकाळी आम्हा दोघांना बूढ़ा तालाबवर फिरायला जायची परवानगी मिळाली. तो रायपुरातल्याच शंकर नगरचा, घरचे मूळ अमरावतीचे, बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. रस्ता ओलांडताना एक स्कूटर अंगावर आली, त्याने माझा कोपर धरला, आणि मी इतक्या जोरात हिसडा दिला की स्कूटरखालीच गेले असते. त्याला वाटलं मला लागलं. मग मी तलावाच्या कठड्यावर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. लग्न मोडणार अशी मनाची तयारीही करून ठेवली.

तो माझ्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "मंग कसा हात लावला तर चालते?"

सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तळहात पुढे केला आणि दाबून पाहा म्हटलं. त्याने अलगद धरला. जोरात, मी म्हटलं. अजून जोरात. हात मोडेल, असं तो म्हणाला, तरी त्याने दाबला. आणि अंगातली सगळी चरचर एकदम बंद झाली. दुसऱ्या माणसाच्या हातात मला असं कधीच वाटलं नव्हतं. मी मोठ्यांदा हसले. शेजारचा भेळवाला वळून बघायला लागला. मग आम्ही नियमच करत बसलो: आधी सांगायचं, समोरून यायचं, पूर्ण तळवा, मानेला नाही. मला इतका आनंद झाला होता की भेळ खायची राहून गेली.

हळदीचं त्याने त्याच्या आईला सांगावं, असं मी म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "आई माही आहे, पण अंग तुयं आहे. तूच सांग."

मी कागदावर लिहून काढलं आणि पीसीओतून त्याच्या आईला फोन केला. पंचवीस बायका, आंब्याच्या पानांची टोकं, मागून मानेवर येणारे हात, सगळं वाचून दाखवलं. कातडीचा काही आजार आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं, पाहू. त्या 'पाहू'ने चार दिवस माझा जीव टांगणीला लावला.

हळदीच्या सकाळी नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. सासूबाई माझ्यासमोर खाली बसल्या. ताटातली आंब्याची पानं त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

"आता पायाले लावतो, हव?"

"हव," मी म्हटलं.

कणीक तिंबावी तशी त्यांनी दोन्ही पायांना हळद चोळली. मग मागे वळून बायकांना बजावलं की एकेकीने समोरून या, विचारा आणि दाबून लावा. बायकांना तो खेळच वाटला. शेजारची छत्तीसगढी काकू "कहाँ लगावंव, नोनी?" असं विचारत आली. मी खांदा दाखवला. ऑफिसातल्या मैत्रिणीला दंड दाखवला. मीच सांगत होते, इथे, आता इथे, आणि अंगभर पिवळी होत होते. हळदीत इतकी मजा असते हे मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात मागून दोन ओले हात माझ्या मानेवर आले. मोठी मावशी. मी तिचं मनगट धरलं. "मावशी, थांब. समोर ये."

आमच्या हाताले काटे आहेत का, असं मावशी म्हणाली. मी आईकडे पाहिलं नाही, पण उत्तर आईनेच दिलं. "तिनं सांगितलं ना. समोरून जा."

मावशी समोर आली नाही, घरात गेली. पंगतीला बसली, पण दुसऱ्या दिवशी न बोलता वर्ध्याला निघून गेली. बोलायला वर्ष लागलं. ती अजून मला हात लावत नाही, आणि खरं सांगते, आमचं आता चांगलं जमतं.

दुपारी आई मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आई, मी तुले धरू का?"

"हात राखेचे आहेत," ती म्हणाली.

मी धरलं. तिने हात वर, हवेतच ठेवले होते. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मी पण धरू?"