भूलतज्ज्ञ, पूलतज्ज्ञ आणि बावीस फुटी बिऱ्हाड

आमच्या डॉक्टरांनी जन्मभर विनिपेगच्या लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावर एका सेल्समनने त्यांनाच दिली, आणि ती अजून पुरती उतरलेली नाही. ट्रेलर नुसते बघायला गेलेले आमचे हे संध्याकाळी बावीस फुटी पांढरं घर विकत घेऊन परतले. आत पलंग, शेगडी, फ्रिज, वॉशरूम, सगळं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, आमचं पिकअप ट्रकच्या शेपटीला लागलं.

जायचं कुठे हा प्रश्न नव्हता. आमची मुलगी निशा सस्काटूनला असते, तिथल्या पोटॅशच्या खाणीत सेफ्टी ऑफिसर आहे. तिची इरा सहा वर्षांची. इराला घेऊन एक आठवडा वास्केसूच्या तळ्याकाठी राहायचं, आजी, आजोबा आणि नात, मध्ये चौथं कोणी नाही, हे मी दोन वर्षं मनात धरून होते. निशाने फोनवर अट घातली. "आई, आय वॉन्ट टु सी द ट्रक अँड ट्रेलर फर्स्ट. इफ इट्स नॉट सेफ, इरा स्टेज होम." खाणीतल्या चारशे पुरुषांना हेल्मेट घालायला लावणारी बाई ती, आईबापांना कशाला सोडेल.

मी कोण तेही सांगते. नागपूरला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि इथे तीस वर्षं हायवे खात्यात पुलांचं काम पाहिलं. कुठल्या पुलावरून किती टनांचा ट्रक जाऊ द्यायचा, हे ठरवायचा पगार मला मिळत असे. तेव्हा या घरात वजनाबद्दल कोणाला विचारायला हवं होतं, हे वाचकांनीच ठरवावं. डॉक्टरांनी व्हिडिओंना विचारलं.

जूनमध्ये पहिल्यांदा ट्रेलर जोडला आणि ट्रकचं बूडच टेकलं. मागची चाकं दबली, नाक आभाळाकडे. भर दुपारी लावलेले हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते, म्हणून लोक लाइट मारत होते. डॉक्टरांना वाटलं, नव्या ट्रेलरचं कौतुक चाललंय. पेट्रोल पंपापर्यंत ते प्रत्येकाला हात करत गेले.

मग मंडळाच्या गणपती मीटिंगमध्ये कुलकर्ण्यांनी सल्ला दिला. "शिरीष, सस्पेन्शन अपग्रेड कर. एअरबॅग टाकून घे, ट्रक राजासारखा उभा राहील." कुलकर्ण्यांची स्वतःची गाडी चार माणसं बसली की स्पीडब्रेकरला घासते. उंटावरचे शहाणे आमच्या मंडळात भरपूर आहेत, तुटवडा फक्त उंटांचा आहे.

या एअरबॅग अपघातात तोंडावर येणाऱ्या नव्हेत. मागच्या स्प्रिंगपाशी रबरी फुगे बसवतात, त्यांत हवा भरली की ट्रक मागून उचलला जातो. फुगे, कडक शॉक ॲब्सॉर्बर आणि मजुरी मिळून हजार डॉलरच्या आसपास गेले. गॅरेजचे मालक सरदारजी होते. काम झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा स्टिकर दाखवला. माणसं आणि सामान मिळून ६९० किलोंच्या वर नको, असं त्यावर छापलेलं होतं.

"डॉक्टर साब, गाडी ऊपर दिखेगी, ताकत उतनी ही रहेगी," ते म्हणाले. "लिमिट यही है. और वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लगवा लो, आगे के पहियों पे भी वज़न आएगा."

ही हिच म्हणजे ट्रक आणि ट्रेलरमधल्या जोडाला बसवायच्या दोन जाड सळया. मागे पडलेलं वजन त्या थोडं पुढच्या चाकांकडे ढकलतात, आणि पुढची चाकं रस्ता धरून राहिली तरच स्टिअरिंगला अर्थ असतो. डॉक्टर "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. तीन महिने रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले आणि उत्तर रोज उघडायच्या दारावर चिकटवलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही बावीस फुटी ट्रेलर लावून.

सामान भरणं हा माझा प्रांत. चौतीस वर्षांच्या संसारात डॉक्टरांनी एकदाही बॅग भरलेली नाही, त्यांना स्वतःच्या मोज्यांचा पत्ताही मीच देते. निघायच्या आदल्या दुपारी मी ट्रक लांबून न्याहाळला. फुगे भरूनही तो मागे किंचित कललेला वाटला. मला हसू आलं. हजार डॉलर घालून जे जमलं नाही ते मी शाळेतल्या सी-सॉच्या गणिताने करून दाखवणार होते. ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातलं सगळं जड सामान मी ओढत ओढत मागच्या टोकाला नेलं. पाण्याचे चार कॅन, टूलबॉक्स, खुर्च्या, दहा किलोची कणीक, बिडाचा तवा, लोखंडी खलबत्ता, आंब्याच्या रसाचे डबे आणि इराला डोसे आवडतात म्हणून दगडी वेट ग्राइंडर. मागचं जड झालं, पुढचं उचललं गेलं, ट्रक टेबलासारखा सपाट. डॉक्टर म्हणाले, "बघितलंस, एअरबॅगची कमाल." मी खरं काय ते योग्य वेळी ऐकवायचं म्हणून राखून ठेवलं.

पहिल्या दिवशी सकाळी आठला निघालो. पोर्टेजच्या पुढे ट्रान्स-कॅनडा सोडून सोळा नंबरचा हायवे धरला. दोन्हीकडे कॅनोला, म्हणजे इथली मोहरी, फुललेला, क्षितिजापर्यंत नुसता पिवळा रंग. ट्रेलर ओढताना पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागतं, तेव्हा जाणाऱ्यांनी टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी, पुढचा पंप केव्हा येईल याचा भरवसा नसतो. निपावाला आम्ही टाकी भरली, पंपावरची पाणचट कॉफी प्यायलो. वारा डावीकडून जोरात होता. ताशी शंभर हे स्वतःचं आयुष्यभराचं तत्त्व डॉक्टरांनी ट्रेलर असतानाही सोडलं नव्हतं.

निपावाच्या पुढे एक मोठा मालट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला गेला, मग दूर ढकलला गेला, आणि मग थांबेचना. डावीकडे, उजवीकडे, दर वेळी जास्त. मागून कोणी ट्रकची शेपटी धरून हिसडत असल्यासारखं वाटत होतं. मी ओरडले, "ब्रेक मारा, अहो ब्रेक मारा."

डॉक्टर ब्रेकवर गेले नाहीत. ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "काही होत नाही. श्वास घे." ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गुडघ्याजवळची छोटी दांडी दाबली. ती फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते. ट्रेलर दोनदा हिसडला आणि निमूटपणे रांगेत आला. त्या दांडीची युक्ती ज्या व्हिडिओंत होती त्यांची मी तीन महिने टिंगल केली होती.

कडेला थांबलो. ट्रेलरमध्ये कपाट उघडून भाजणीचं पीठ जमिनीभर झालं होतं. मी परत येऊन ट्रकमध्ये बसले तर मागच्या सीटवर इराची बूस्टर सीट दिसली. ती मी घरूनच बसवून आणली होती, पट्टा लावून, रिकामी. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मिनेडोसापर्यंत उरलेला रस्ता आम्ही ताशी सत्तरने गेलो.

मिनेडोसाचा कॅम्पग्राउंड छान आहे. तळ्याकाठी झाडं, विजेचं कनेक्शन, स्वच्छ वॉशरूम, एका रात्रीचे चाळीसेक डॉलर. शेजारच्या जागेवर डार्लीन नावाची सत्तरीची बाई राहत होती, तीस वर्षं धान्याचे ट्रक चालवलेली. तिने कॉफीचा मग हातात घेऊन आमच्या ट्रकभोवती एक चक्कर मारली.

"लुक्स रिअल प्रिटी," ती म्हणाली. "सो, व्हॉट हॅव यू गॉट इन द बॅक?"

मी तिला अभिमानाने सी-सॉचं गणित सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज बारीक होत गेला, कारण तिचा चेहरा तसा होत चालला होता.

"इट्स अ ट्रेलर, हनी. नॉट अ टीटर-टॉटर."

टीटर-टॉटर म्हणजे आपला सी-सॉ. तिने जे समजावलं ते असं. ट्रेलरच्या नाकाने ट्रकवर दाबून बसायलाच हवं, एकूण वजनाच्या निदान दहाव्या हिश्शाने. नाक हलकं आणि शेपटी जड झाली की ती डोलणारच. आणि डोलताना मी सांगितला तसा ट्रकचा ब्रेक मारला असता तर ट्रेलर आम्हाला घेऊन कॅनोलात गेला असता. माझं गणित उभ्या ट्रेलरसाठी बिनचूक होतं. पूल जागेवर उभा असतो आणि मी तीस वर्षं पुलांत काढली. ट्रेलर चालतो, हे मी विसरले.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. एअरबॅगची कमाल कोणाची होती ते त्यांना तेव्हा कळलं. मी टोमण्याची वाट पाहिली. ते म्हणाले, "चहा टाकतेस का थोडा?"

दुसऱ्या दिवशी डार्लीनने ओळखीच्या धान्य गोदामात नेऊन आमचं बिऱ्हाड ट्रकच्या काट्यावर चढवलं. ट्रेलर भरला २४०० किलो, नाकाचा दाब १४०. हवा होता निदान २४०. पेशंटचं वजन विचारल्याशिवाय सुईला हात न लावणारा एक माणूस आणि टनांवर आयुष्य काढलेली एक बाई, दोघांनी हे एकदाही मोजलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमचा बैल तर उलटा जुंपला होता.

पाण्याचे कॅन ओतून टाकले. जड सामान पुढे घेतलं. डार्लीनचं घर गावातच होतं, ग्राइंडर, खलबत्ता आणि अर्धे डबे तिच्या गॅरेजमध्ये ठेवले. परत काट्यावर गेलो, आता नाकाचा दाब २७० आला. दोघांचं वजन आणि ट्रकमधलं सामान धरूनही पिवळ्या स्टिकरच्या आत बसलो. काट्यावर माझं स्वतःचं वजनही सर्वांसमोर जाहीर झालं, ते इथे लिहीत नाही.

पुढचा मुक्काम यॉर्कटन. तिथे ती हिच बसवून घेतली, जिला डॉक्टरांनी "बघू" म्हटलं होतं. आठशे डॉलर, तीन तास. तोवर समोर पेरोगी खाल्ल्या. बटाट्याच्या सारणाची उकडलेली करंजी समजा, वर परतलेला कांदा आणि सावर क्रीम. हिरवी मिरची मागितली तर वाढणाऱ्या बाईने मिरपूड आणून दिली. त्यानंतर सस्काटूनपर्यंत मालट्रक येत राहिले, जात राहिले. ट्रेलर एक झोका घ्यायचा आणि जागेवर यायचा. मी प्रत्येक वेळी दाराची दांडी घट्ट धरली.

निशा टॉर्च, हवेचा गेज आणि कागद घेऊन अंगणात उभीच होती. डॉक्टरांनी तिला झालं ते सगळं आपणहून सांगितलं. मला वाटलं होतं, लपवतील.

"हू लोडेड इट लाइक दॅट?" निशाने विचारलं.

"मी," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, सपाट दिसलं की झालं."

माझ्या हातात तिने दिलेली पोह्यांची बशी होती. मी पोहे खात राहिले. निशाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग तिने निकाल दिला. वास्केसूपर्यंत इरा तिच्या गाडीत बसेल, ती गाडी आमच्या मागून येईल, आणि ट्रेलर एकदा जरी डोलला तर ती इराला घेऊन तिथूनच परत फिरेल.

साधारण सव्वादोनशे किलोमीटर. माझी नजर आरशात आणि डॉक्टरांची रस्त्यावर. फोनच्या स्पीकरवरून इराची कॉमेंटरी चालू होती. "आजी, इट्स नॉट वॅगिंग. स्टिल नॉट वॅगिंग. आजी, आय नीड टु पी." तळ्यापाशी पोचल्यावर निशाने बूस्टर सीटचा पट्टा दोनदा ओढून बघितला. म्हणाली, "ओके. यू कॅन ड्राइव्ह हर बॅक." आणि एकटी सस्काटूनला गेली.

वास्केसूबद्दल थोडक्यात. जागा काही महिने आधी बुक करा, सरपण घरून नेऊ नका, चालत नाही. पाणी बर्फासारखं असतं, मुलांना कळत नाही. सांबरासारखा दिसणारा एक एल्क आमच्या ट्रेलरच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि इरा त्याच्याशी मराठीत बोलली, जे ती आमच्याशी कधी बोलत नाही. ग्राइंडर नव्हता, डोसे झाले नाहीत. तिने विचारलंसुद्धा नाही.

इराला निशाकडे सोडून परतीच्या वाटेवर डार्लीनकडून ग्राइंडर उचलला, ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आणि घरी आलो.

या लेखाचा पहिला खर्डा मी डॉक्टरांना वाचून दाखवला. त्यात एअरबॅग होत्या, कुलकर्णी होते, "बघू" होतं, आणि सामान मागच्या टोकाला आपोआप गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "छान. भाषा चांगली आहे." एवढंच. मला लाज वाटली. म्हणून तो खर्डा फाडून हा लिहिला. सामान मी मागे नेलं होतं, मी एकटीने, त्यांना न सांगता.

पण निशाला मराठी वाचता येत नाही. कबुली द्यायला मी जगातली सर्वांत सुरक्षित जागा शोधली होती. म्हणून रविवारी तिचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं.

ती म्हणाली, "आय नो, आई. व्हेन हॅज बाबा एव्हर पॅक्ड एनीथिंग?"