लाल खुणा

महाडला कचेरीच्या रस्त्यावर एक मुलगी अर्ज टाइप करून देते. मजकुरात कुणी काही बदललं की ते लाल दिसावं, ही संगणकातली सोय ती कायम चालू ठेवते. वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेत नाही. मी मात्र माझ्या अर्जाच्या वेळी दरवेळी म्हणायचो, "वाचू नकोस, घाई आहे."

परवा पोलादपूरकडच्या वाडीतल्या चार बाया पाण्याच्या अर्जासाठी आल्या. त्यांनी सांगितलेला मजकूर तिनं आधीच टाइप करून सोबतच्या पुढाऱ्याला पाठवला होता; त्यानं तो परस्पर बदलून फाइल परत आणली होती. संगणकाचा पडदा लालच लाल.

"ते लाल बंद कर आणि प्रिंट काढ," तो म्हणाला.

तिनं बंद केलं. "आता पुढचं लाल दिसणार नाय, दादा. पण आधीचं असं जात नाय. एकेक विचारून ठेवायचं, नायतर काढायचं."

तिनं पडदा बायांकडे फिरवला. "ऐक गो मावशी. 'विहीर चार महिने कोरडी हाय' हे खोडून 'थोडी गैरसोय होते' असं केलंय. ठेवू?"

"थोडी? काढ गो ते!"

सात बदल होते. सातही वेळा तेच उत्तर आलं. पुढारी चपला शोधू लागला.

माझा नंबर आला. "सर, तुमचा वाचायचा नाय ना?"

"वाच," मी म्हणालो. "मोठ्यानं वाच."