तालमीत आलेला स्वीडनचा राजा

स्वीडन नकाशावर नेमका कुठे आहे, हे मला आजही शोधून सांगावं लागेल. पण तिथे तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका राजाबद्दल आमच्या पेठेतला साठीपुढचा कुणीही माणूस पाच मिनिटं बोलू शकतो, आणि त्यातली तीन मिनिटं तावातावानं. हे कसं झालं ते सांगतो. साल छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. सत्तर ते पंच्याहत्तरच्या दरम्यानचं, आणि माझ्या थोरलीचं बारसं त्याच वर्षी झालं, एवढं पक्कं.

तेव्हा आमच्या माडीवर एक भाडेकरू राहत. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, एकटे. सगळे त्यांना सर म्हणत. गणपती उठले की मुलगा येऊन त्यांना नागपूरला कायमचं घेऊन जाणार होता. एकदा जिन्यात बसून ते मला म्हणाले, "अहो, उभा जन्म मी हा राजा शिकवला. मुलांनी उत्तरं लिहिली, पास झाली. पण तो चांगला की वाईट, यावर एकानंही माझ्याशी वाद घातला नाही. एक जरी भांडला असता ना, तरी मी समाधानानं गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी सरांना तालमीत नेऊन हे मी वस्तादांच्या कानावर घातलं. आमची तालीम दरवर्षी गणपतीत मांडवात नाटक बसवायची आणि त्या वर्षी नाटकाचा पत्ता नव्हता. वस्ताद म्हणाले, "राजा हाय न्हवं? मग झालं. लढाई हाय का त्यात?"

"आहे," सर म्हणाले.

"मग दुसरं काय बघायचं!"

सरांनी आठ दिवसांत नाटक लिहून दिलं. गोष्ट सरळ होती. राजा चार वर्षांचा असताना बाप वारतो. कारभार सरदारांच्या हातात जातो आणि दौलतीच्या जमिनी एकेक करून त्यांच्या घशात जातात. पोराला धड लिहा-वाचायलाही कुणी शिकवत नाही. शेजारचा डेन्मार्क चाल करून येतो, तेव्हा हा विशीतला राजा स्वतः घोडा घालून लढाई जिंकतो. मग सरदारांना भर दरबारात नमवून सगळी सत्ता एकट्याच्या हातात घेतो, जमिनी परत काढून घेतो आणि त्यातून फौज उभी करतो. गावातल्या घरांच्या गटागटाकडे एकेक शिपाई पोसायला देतो, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा. चाळिशी जेमतेम ओलांडतो आणि पोटाच्या दुखण्यानं मरतो. अंत्यविधी व्हायच्या आधीच राजवाडा पेटतो आणि त्याचं कलेवर आगीतून बाहेर काढावं लागतं.

राजाचं काम आमच्या एका पैलवानाकडे आलं. सर म्हणाले, "राजा अंगानं बेताचाच होता."

"सर, आमच्याकडं बेताचा कोणच न्हाय," वस्ताद म्हणाले.

पहिली कुरबुर पोशाखावरून झाली. हा राजा साधा करडा कोट घालून, लवाजमा न घेता मुलूखभर फिरायचा आणि अंमलदारांची झाडाझडती घ्यायचा, अशी तिकडे दंतकथा आहे. सरांना तोच कोट हवा होता. आमच्या गल्लीतले मुसलमान शिंपी मास्तर बँडवाल्यांचे गणवेश शिवायचे. त्यांनी पैलवानाच्या छातीचं माप घेतलं आणि टेप गळ्यात टाकत म्हणाले, "साडेतीन वारात ह्यो बसत न्हाय. चार वार आना. आनि सर, जरीची किनार तरी लावू द्या की! राजा हाय का पोस्टमन?"

"मास्तर, किनार नको."

"बरं, न्हाय लावत. पन लोक मला हसतील, तुमाला न्हाय."

दुसरी कुरबुर मात्र खरी होती. सीमेवरच्या मुलखात काही गावं शत्रूला मिळाली, म्हणून राजानं एक अख्खा परगणा जाळायचा आणि हत्यार धरू शकेल असा प्रत्येक पुरुष मारायचा हुकूम दिला होता. सरांनी तो प्रवेश लिहिला होता. वस्तादांनी कागद खाली ठेवला.

"ह्ये काढा. एवढा चांगला राजा, रयतेचा वाली, आनि त्येनं गाव जाळलं म्हनायचं? गनपतीम्होरं?"

"काढणार नाही. हे काढलं तर तो राजा राहत नाही, कॅलेंडरवरचं चित्र होतं."

दोन दिवस नाटकाची तालीम बंद. त्यात पैलवानाची आई आली. पोराचं लग्न ठरलं होतं. ती उंबऱ्यातूनच कडाडली, "माझ्या पोराला हळद लागायची हाय, आनि तुमी त्येला मढं करून पेटीत घालताय व्हय? लाज न्हाय वाटत?"

मांडवात देवासमोर प्रेत, तेही लग्न ठरलेल्या पोराचं, हे आमच्याकडे कुणालाच पटलं नसतं. मग वस्तादांनी तोड काढली. आगीतून राजा काढायचा नाही, त्याचा कोट काढायचा. तोही पालखीत ठेवून.

"पण इतिहासात देह होता," सर म्हणाले. "कोट नव्हता. आणि स्वीडनमध्ये पालखी कुठली?"

"सर, तुमी कोट घ्या, मी जाळलेलं गाव घेतो. जमतंय?"

सरांनी शेवटच्या प्रवेशातला 'देह' खोडून 'कोट' लिहिलं. मग म्हणाले, "जमतंय."

प्रयोगाला मांडव भरला होता. गौरीला माहेरी आलेल्या लेकीबाळी होत्या, कोडोलीकडची पाहुणेमंडळी होती. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होतो आणि फटीतून मला पहिल्या रांगेत सर दिसत होते. राजा करड्या कोटात आला तेव्हा मास्तर म्हणाले होते तसंच झालं, कुणीतरी ओरडलं, "तार आली काय रं?" हशा पिकला. सरदारांच्या जमिनी काढून घेतल्या तेव्हा शिट्ट्या पडल्या. गावोगावच्या शिपायाचा प्रवेश तर लोकांना घरचाच वाटला, कारण मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे मुलगे आणि भाऊ लष्करात होते.

मग गाव जळालं. पडद्यामागे मडकी फोडली, बायकांचा आकांत झाला. पैलवान हुकूम देऊन पाठमोरा उभा राहिला, तेव्हा त्याची रुंद पाठ पाहून मलाच त्याची भीती वाटली.

शेवटी लाल कागदाआडून दिवे हलवले, धूप केला आणि चौघांनी पालखी बाहेर आणली. आत घडी करून ठेवलेला तो कोट. आमच्याकडे पालखी आली की माणूस आपोआप उठतो. पुढची म्हातारी उठली, हात जोडले. मागे रांगा उठू लागल्या. वस्तादांनी स्वतः वाकून मुजरा केला, हे नाटकात लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात कोडोलीचे एक शेतकरी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "बसा की पावणं! गाव जाळल्याला कसला मुजरा?"

"अवो, जमिनी कुनी सोडवल्या मग?" कुणीतरी उलट विचारलं.

"सोडवल्या आनि फौजेला दिल्या. तुमच्या हातात काय आलं?"

पालखी मध्येच थांबली. वाहणाऱ्यांना पुढे जावं की नाही कळेना. अर्धा मांडव उभा, अर्धा बसलेला, आणि दोन्हीकडून आवाज. आरती उशिरा झाली.

मला वाटलं, नाटक पडलं. सरांना बोलवायला गेलो तर ते खुर्चीत तसेच बसले होते, मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत. उठले नाहीत, की बसून राहणाऱ्यांच्या बाजूनंही काही बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "ऐका हो, ऐका."

तो वाद मांडवात संपला नाही. चहाच्या गाडीवर, मास्तरांच्या दुकानात, तालमीच्या कट्ट्यावर चालूच राहिला. मास्तर राजाच्या बाजूचे झाले होते, कोट त्यांनी शिवला होता. पैलवानाची आई विरुद्ध. वस्ताद तर रोज बाजू बदलायचे.

विसर्जनानंतर सरांचा मुलगा आला. सामान टांग्यात चढलं. सर चहाच्या गाडीपाशी निरोप घ्यायला थांबले आणि तिथे मास्तर कुणाला तरी सांगत होते की राजानं सरदारांच्या जमिनी काढून रयतेला वाटल्या.

"चूक," सर म्हणाले. "सरकारजमा केल्या."

"मग आमचा राजा कशापायी म्हनायचं त्येला?" पलीकडून, मांडवात ओरडलेल्या कोडोलीच्या त्या शेतकऱ्यांचा पेठेतला जावई म्हणाला.

"ह्या वेळी तुमी मधी पडू नका," मास्तर त्याला म्हणाले, "सरांशी माझं चाललंय. सर, सरकार म्हंजे तरी कोन? सांगा की!"

"बाबा, गाडी चुकेल," मुलगा टांग्यातून म्हणाला.

सरांनी मागे न बघता हात वर केला. "थांब जरा. यांचं म्हणणं पुरं होऊ दे." आणि बाकावर बसून त्यांनी मास्तरांसाठी जागा केली.

गाडी चुकली. ते दुसऱ्या दिवशी गेले.