देवीच्या घरात फोडणी

पेन्शन घेऊन बरीच वर्षे झाली. नोकरीत पाहिलेले खून, दरोडे आणि दंगे आता एकमेकांत मिसळून जातात. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही चटकन सांगता येत नाही. गढ्याचे ते प्रकरण मात्र मनातून पुसले गेलेले नाही. त्यात ना खून होता, ना चोरी. तरीही त्याने मला जितके थक्क केले तितके दुसऱ्या कोणत्याच गुन्ह्याने केले नाही.

मध्यप्रांतात तेव्हा इंग्रजी अंमल होता आणि मी जबलपूरला गढ्याच्या ठाण्यात ठाणेदार होतो. जन्म, मृत्यू आणि साथीचे रोग यांच्या नोंदी त्या काळी ठाण्यातच होत. गावचा चौकीदार कोटवार घरोघर फिरून खबर आणी आणि मोहरीर, म्हणजे ठाण्याचा कारकून, ती रजिस्टरात चढवी. हिवाळ्यात लहान मुलांना देवीची लस टोचणारा सरकारी माणूस येई, तोही आपली यादी आमच्या रजिस्टराशी ताडून घेई. मराठी लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत, हिंदी वस्तीत तो टीकेवाला. मारामाऱ्यांच्या रोजनाम्याला खेटून पोरांच्या टोचणीचा हिशेब, असा सगळा कारभार. आमच्या मोहरिराला त्याचा भारी तिटकारा. "साहेब, हे पोलिसाचं काम आहे का सुईणीचं?" असे तो ऊठसूट विचारी.

त्या वर्षी नर्मदेपलीकडे देवीची साथ होती. देवी निघालेल्या प्रत्येक मुलाची नोंद कळवा, असा वरून हुकूम आला. कोटवार फिरून आला, मोहरिराने नोंदी चढवल्या, आणि लगोलग माझा खबऱ्या, चौकातला पानवाला, कानाशी येऊन कुजबुजला, "हुजूर, टीकेवाला सुई से माता बाँट रहा है. मराठी गली का हाल देख लो."

मी रजिस्टर मागवले. मराठी गल्लीत मराठ्यांच्या राज्यात चाकरीला आलेली जुनी घरे होती आणि नागपूरकडून आलेली काही नवी. महिन्यापूर्वी देवी डॉक्टरने तिथल्या सगळ्या लहान मुलांना टोचले होते. आता त्याच मुलांच्या नावांपुढे कोटवाराच्या खबरेवरून लिहिले होते, 'माता निकली', म्हणजे देवी आल्या. एकूण एक मुलापुढे! शेजारच्या हिंदी मोहल्ल्यात टोचणी अजून व्हायची होती, आणि तिथे एकही मूल आजारी नव्हते. कागदावर गुन्हा सरळ दिसत होता.

असली बातमी झाकून राहत नाही. दुपारी लोकांनी देवी डॉक्टरला मोहल्ल्याच्या तोंडाशी गाठले, त्याची पेटी फेकून दिली आणि दगडाने डोके फोडले. शिपायांनी त्याला कसाबसा सोडवून ठाण्यात आणला. तोवर सिव्हिल लाइन्समधून साहेबांचा निरोपही आला, जबाब घ्या आणि चालान करा. त्याची नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंग होता.

मी त्याला समोर बसवले. आरोपी साधारणपणे दोन प्रकारचे असतात. एक येताच शपथा घेतो, दुसरा येताच पाणी मागतो. हा तिसराच निघाला. मी रजिस्टर पुढे सरकवले तसे त्याने एकेका नावावरून बोट फिरवले आणि हात जोडले. "लिखा है तो निकली होगी, हुजूर. मेरे ही हाथ से पाप हुआ. बंद कर दो मुझे."

"टोचल्यावर मुलं पाहिली होतीस?" मी हिंदीतच विचारले.

"आठवें दिन देखा था. सब अच्छे थे. पर सरकारी काग़ज़ झूठ थोड़े बोलेगा?"

या माणसाने आपल्या डोळ्यांनी धडधाकट मुले पाहिली होती, आणि कागदापुढे तो स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवून तुरुंगात जायला निघाला होता! मोहरीर टाक सरसावून बसला होता. "कबूल करून राहिला ना साहेब, घ्या ना लिहून." मी त्याला गप्प केले. जो आरोपी इतक्या सहज कबूल होतो त्याचा जबाब उद्यावर ढकलावा, अशी माझी रीत होती. कोटवाराला बरोबर घेऊन मी मराठी गल्लीत गेलो.

गल्लीत शिरताच नाकाला झणका लागला. कोणाच्या तरी घरी मोहरी तडतडत होती, लसूण लाल होत होता. मी जागीच थांबलो. ज्या घरात देवी आलेली असते तिथे तळण नाही, फोडणी नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो आणि परक्याला आत मज्जाव असतो. इथे एकाही दाराला डहाळा नव्हता, आणि वास तर असा की माझीच भूक खवळली.

"काय रे, देवीच्या घरात फोडणी?" मी कोटवाराला विचारले.

फोडणीच्या घराचे दार वाजवले. कडेवर मूल घेऊन एक बाई बाहेर आली. पोर गुबगुबीत, अंगावर पुटकुळीचा मागमूस नाही.

"बाई, मुलाला देवी आल्या होत्या का?"

"काहून जी? देवी कशाला येतील त्याला? देवी तर काढल्या ना त्याच्या!" तिने बाही वर सारून पोराचा दंड माझ्यापुढे धरला. त्यावर लसीचे गोल व्रण स्वच्छ उमटलेले होते.

माझ्या डोक्यात काहीतरी हलले. मी कोटवाराला म्हणालो, "त्या दिवशी जे विचारलंस, तेच आता पुन्हा विचार."

तो उंबरठ्याबाहेर हात जोडून उभा राहिला. "बाई, घर में देवी तो नहीं निकली?"

बाईने तत्परतेने सांगितले, "निकाली ना भैया, पिछले महीने ही निकाली. दोनों बच्चों की."

"सुन लिया, हुजूर?" कोटवार विजयाने माझ्याकडे वळला.

आपण मराठी माणसे टोचण्याला 'देवी काढणे' म्हणतो. बाईने घरचे मराठी होते तसे हिंदीत घातले. कोटवाराला टोचण्यासाठी 'टीका' हाच शब्द ठाऊक, त्यामुळे 'निकाली'चे त्याच्या कानात 'निकली' झाले. दारोदार हेच घडले होते. एका कान्यापायी माणसाचे डोके फुटले होते!

"तू मूल का पाहिलं नाहीस?" मी दरडावले.

"माता के घर में कैसे झाँकूँ, हुजूर? बाहर से हाथ जोड़के लौट आया." त्याची चूक भक्तीतून झालेली होती.

मी गल्लीतली सगळी मुले बघायला मागितली. बाया आपापली पोरे घेऊन ओट्यांवर आल्या, बाह्या वर झाल्या आणि दंडामागून दंड माझ्यापुढे येत गेले. प्रत्येकावर तीच खूण. कुठल्याशा वासराच्या अंगावरून घेतलेली लस, काचेच्या नळीतून एवढ्या लांब आलेली, आणि एवढ्याशा ओरखड्यातून ती या लेकरांच्या रक्तात पहारा देत बसली होती. पलीकडच्या काठावर चिता पेटत होत्या आणि इथे पोरे माझ्या पट्ट्याच्या बिल्ल्याशी खेळत होती. बंदोबस्तात माझा जन्म गेला, पण असा बंदोबस्त मी पाहिला नव्हता.

देवी डॉक्टरला त्याच संध्याकाळी सोडले. पण तो ठाण्याच्या पायरीवरून उठेना. "अब कौन दरवाज़ा खोलेगा, हुजूर?" त्याचे खरे होते. हिंदी मोहल्ल्यातली मुले अजून टोचायची होती आणि साथ कधीही नदी ओलांडणार होती. शिपाई लावून टोचता आले असते. पण पोलिसाच्या धाकाने उघडलेले दार दुसऱ्या दिवशी दुप्पट घट्ट लागते.

सकाळी ती फोडणीवाली बाई गल्लीतल्या बायांना घेऊन ठाण्यात आली. "माझ्या बोलण्यानं त्या माणसाचं डोकं फुटलं जी," ती म्हणाली. "आता बोलायलाही मीच जाते. तुमचे शिपाई नका पाठवू."

मी लांबून मागे गेलो. बाया मोहल्ल्यात शिरल्या, ओट्याओट्यावर बसल्या आणि पोरांच्या बाह्या वर करून दाखवू लागल्या. बराच वेळ काही घडले नाही. मग एक दार किलकिले झाले. एक तरुण आई बाहेर आली, तिने पोराच्या दंडावरच्या व्रणाला हळूच बोट लावले, आपल्या लेकराकडे पाहिले आणि म्हणाली, "बुलाओ टीकेवाले भैया को. हमारे लल्ला की भी देवी निकाल दो."

या प्रकरणानंतर मी जबाब घ्यायची पद्धत बदलली. साक्षीदार ज्या बोलीत बोलला त्याच बोलीत त्याला तो वाचून दाखवायचा आणि विचारायचे, हे तूच म्हणालास, की आम्ही ऐकले? टोचणीची आणि देवीची नोंदही मूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, असा हुकूम मी काढला. मोहरीर कुरकुरला; त्याचा तो स्वभावच.

मोहल्ल्यातली मुले टोचून झाली, आणि उन्हाळ्यात साथ खरोखरच नदी ओलांडून गढ्यात आली. काही मोठी माणसे आजारी पडली, दोन म्हातारे गेले. कोटवार या वेळी उंबरठ्यावरून परतला नाही. घराघरांत जाऊन त्याने एकेक मूल पाहिले. तो आल्यावर मोहरीर टाक बुडवून तयार बसला आणि तसाच बसून राहिला. मुलांच्या रकान्यात लिहायला काही नव्हते. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवले, आणि त्या कोऱ्या रकान्यापुढे मी खुर्चीतून उठून हात जोडले.